थॉर्नमियरचा पाळणा

अमेरिकेला जाऊन लोक नायगारा बघतात, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघतात, आणि परत येऊन पाहुण्यांना अल्बम दाखवतात. मी अमेरिकेत जाऊन किल्ला बघितला, तोही इंग्लंडचा. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या, जन्मभर मुलींच्या शाळेत इतिहास शिकवलेल्या आणि दर हिवाळ्यात वर्गच्या वर्ग गडावर चढवलेल्या बाईनं हे करावं याचं कुणाला नवल वाटू नये. नवल आहे ते पुढचं. त्या किल्ल्याची एक खोली माझ्यामुळे रिकामी करावी लागली. शत्रूला जे कधी जमलं नाही ते मी एका पर्सच्या जोरावर केलं. हल्ली पाहुणे आले की मी त्यांना मुलीच्या अल्बममधला नायगाराच दाखवते, पण जे अमेरिकेला गेलेले नाहीत त्यांच्यासाठी ही हकीगत एकदा लिहून टाकावी म्हणते.

पार्सिपनी

गोष्ट २००६च्या सप्टेंबरातली. माझी मुलगी मुग्धा आणि जावई निखिल न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला राहतात. दोघंही कॉम्प्युटरवाले. मुग्धाला सातवा महिना होता. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं, तेव्हा मला व्हिसाच्या मुलाखतीची तारीखसुद्धा मिळालेली नव्हती. ती तिकडे फोन धरून नुसती श्वास घेत होती आणि मी इकडे नुसती ऐकत होते. त्यामुळे या वेळी बातमी कळल्या दिवशीच मी तिकिटाची चौकशी केली.

निखिलच्या आई, कुसुमताई, नागपूरच्या. त्यांनीही त्याच दिवशी चौकशी केली. मुलांनी खरं तर नीट आखणी केली होती. एका आईनं बाळंतपणाला यायचं आणि सहा महिने राहायचं, ती परतली की दुसरीनं यायचं, कारण तोवर मुग्धाची रजा संपणार आणि बाळ सांभाळायला कुणीतरी लागणार. आखणीत एकच गोष्ट राहिली होती: पहिली कोण आणि दुसरी कोण. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे मी धरून चालले. बाळ आमच्या घराण्याचं, हे कुसुमताई धरून चालल्या. आठवड्याच्या अंतरानं दोघी नेवार्कला उतरलो. दोघींच्या बॅगांत डिंकाचे लाडू होते.

आता एकीनं परत जायला हवं होतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. बोलण्याऐवजी आम्ही विहिणी एकमेकींना मान देत होतो. आधी चहा तुम्ही घ्या, नाही आधी तुम्ही घ्या, असं करता करता चहा गार व्हायचा आणि निखिल तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा.

कुसुमताईंचा देवाधर्मावर, नजरेवर, शकुनांवर विश्वास. आल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी मीठ-मोहऱ्यांनी सुनेची दृष्ट काढली आणि मोहऱ्या तव्यावर टाकल्या. धूर झाला, छतावरचा अलार्म कोकलला, मागोमाग बिल्डिंगचा अलार्म कोकलला आणि आम्ही सगळे बिऱ्हाडकरूंसह पार्किंगमध्ये जमा झालो. तिथे, आगीचा बंब येऊन परत जाईपर्यंत, मी त्यांना अंधश्रद्धेवर समजावून सांगितलं. आवाज शाळेतला होता. शेजारच्या गुजराती काकू पण ऐकायला उभ्या राहिल्या.

कुसुमताई सगळं ऐकून म्हणाल्या, "बरोबर आहे ताई तुमचं. पण नजर निघाली नं, ते महत्त्वाचं."

मग निखिलनंच या सहलीची टूम काढली. "आई, तुम्हांला किल्ल्यांचं वेड आहे ना? पेनसिल्व्हेनियात एक आहे, रिअल इंग्लिश कॅसल. एका बिझनेसमननं इंग्लंडहून अख्खा शिप केला. वीकेंडला जाऊन येऊ. डॉक्टरनी पण अलाऊ केलंय."

"आणि परत येईपर्यंत," मुग्धा म्हणाली, "कोण थांबणार ते तुम्ही दोघी ठरवून टाका. मला रोज हे बघवत नाही."

रूट ८०

निघायलाच उशीर झाला, कारण पुढच्या सीटचा प्रश्न सुटेना. "तुम्ही बसा नं जी समोर, तुमचे गुडघे," असं कुसुमताई म्हणाल्या. मी म्हटलं, छे, तुम्हांला गाडी लागते. दोघी दोन्ही बाजूंचे मागचे दरवाजे धरून उभ्या. शेवटी मुग्धा पुढे जाऊन बसली आणि पट्टा पोटाखालून ओढून घेतला.

रस्ता दाखवायचं काम मात्र मी मागून घेतलं. निखिलनं इंटरनेटवरून वळणांचे कागद छापून आणले होते. "मला नकाशे वाचायची सवय आहे," असं मी म्हटलं, आणि ते खरंही आहे. पण माझे नकाशे म्हणजे पानिपतचे, खर्ड्याचे; तिथे कुणी ताशी सत्तर मैलांनी जात नसतं. पाट्यांवरची गावं वाचता वाचता आणि डेलावेअर नदीच्या खिंडीचं मोक्याचं स्थान कुसुमताईंना समजावता समजावता आमचं वळण गेलं.

"आई, एक्झिट मिस झाला का आपला?" निखिलनं आरशातून विचारलं.

"कोणता?"

"यार, तेच तर तुम्ही सांगणार होता."

परत फिरायला पुढचं वळण बरंच लांब होतं. या देशात चुकलेल्या माणसाला लगेच मागे वळता येत नाही. आपल्याकडे कसं, दुभाजकाच्या फटीतून ट्रॅक्टरसुद्धा वळतो. त्या चुकीमुळे एक फायदा झाला. झाडी नुकती रंगायला लागली होती, मधेच एखादा मेपल लाल, बाकी सगळं अजून हिरवं, आणि रस्त्याकडेच्या विश्रांतीच्या जागी लाकडी बाकांवर बसून आम्ही मेथीचे पराठे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पराठे मी केले होते, चटणी त्यांनी. मुग्धानं चटणी दोनदा घेतली. मी मोजत नव्हते असं मी म्हणणार नाही.

थॉर्नमियर

किल्ला टेकडीवर होता आणि टेकडीवर जायला गुळगुळीत डांबरी रस्ता होता, इथंच माझा अर्धा आदर गेला. गड म्हटला की दम लागायला हवा. पण झाडांतून दरवाजा समोर आला तेव्हा तो परत आला. दोन गोल बुरूज, मध्ये कमान, दगड काळवंडलेला. बुरुजांना तिरंदाजांसाठी उभ्या फटी. आपल्या जंग्या तशा, फक्त आपल्या खाली वळतात.

आम्हांला किल्ला दाखवायला डोरोथी नावाच्या आजीबाई होत्या. केस पांढरेशुभ्र, अंगात पायघोळ जुन्या काळचा झगा आणि झग्याखाली पांढरे पळायचे बूट. त्या तिथं हौसेनं, पगाराशिवाय काम करत. त्यांचं इंग्रजी मला बऱ्यापैकी कळत होतं. कुसुमताईंसाठी मी भाषांतर करत होते, आणि भाषांतरात माझी भर घालत होते.

मी पहिला प्रश्न विचारला तो कुठलाही गड चढलेला माणूस विचारेल तोच: "इथं पाणी कुठे?" डोरोथीबाईंनी प्रेमानं माझा हात धरून मला पिण्याच्या पाण्याच्या नळाशी नेलं. टाकी, तळं, विहीर, वेढा पडला तर पाण्याची सोय, हे सगळं मला तिथं नळाशी उभं राहून समजावावं लागलं. तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "विहीर इंग्लंडमध्येच राहिली. ती पेटीत मावत नव्हती."

किल्ला पेट्यांतून आला होता. बूटपॉलिश विकून गब्बर झालेल्या एका अमेरिकन माणसानं ऐंशीएक वर्षांपूर्वी इंग्लंडात तो पडायला आलेला बघितला आणि विकत घेतला. दगडादगडावर आकडा घालून, गवतात गुंडाळून, बोटीनं आणला. आणला म्हणजे दरवाजा, दिवाणखाना आणि एक बुरूज. बाकीचा भाग तिकडेच मेंढ्यांच्या कुरणात आहे. बंदरावर पावसात काही आकडे पुसले गेले, म्हणून गवंड्यांनी ते दगड अंदाजानं बसवले. त्यामुळे एक जिना वर जातो आणि सरळ भिंतीला टेकतो. लोक त्याचाच जास्त फोटो काढतात.

त्याआधी सहा-सातशे वर्षं थॉर्नमियर एकाच घराण्याकडे होतं, मॉर्ब्रुक म्हणून. राजाची परवानगी काढून मूळ पुरुषानं तट बांधला, आणि मग बापाकडून थोरल्या मुलाकडे, थोरल्याकडून त्याच्या थोरल्याकडे. धाकट्यांनी चर्चमध्ये जायचं नाहीतर लढाईवर. दिवाणखान्यात ओळीनं तसबिरी होत्या आणि सगळ्यांची नाकं सारखी होती. मी कुसुमताईंना म्हटलं, "आपल्याकडे भावाभावांत वाटण्या होऊन बांधाला बांध लागतो. यांनी धाकट्यांना उपाशी ठेवलं म्हणून किल्ला शाबूत राहिला."

कुसुमताई तसबिरींकडे बघत म्हणाल्या, "बायांचा एकही फोटो नाही जी."

"आहेत ना," मी म्हटलं आणि शोधायला लागले. एक सापडली, दाराच्या वर, अंधारात. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तोंड मिटलेलं.

"ती लेडी मार्जरी," डोरोथीबाई म्हणाल्या. "तिची गोष्ट वरच्या खोलीत सांगते. तिथंच घडली ती."

बुरुजातली खोली

आमच्याबरोबर दहा-बारा अमेरिकन मंडळी होती. बुरुजाच्या गोल जिन्यानं सगळे वर गेलो. मुग्धा सावकाश, निखिल तिच्या मागे. वर एक अंधारी खोली, पडदे लावलेला पलंग, शेकोटी, आणि पलंगाशेजारी जमिनीवर ओक लाकडाचा पाळणा. पाळणा म्हणजे टांगलेला नव्हे, खाली वाकडे पाय असलेला, झुलणाऱ्या खुर्चीसारखा. पुढे आडव्या बांधलेल्या दोरखंडाच्या आत फक्त डोरोथीबाई गेल्या.

त्यांनी गोष्ट सुरू केली. मॉर्ब्रुकांचा तरुण वारस शिकारीत पडून मेला. त्याची बायको गरोदर. कायदा असा की मुलगा झाला तर किल्ला त्याचा. मुलगी झाली किंवा मूल राहिलं नाही, तर किल्ला मेलेल्याच्या धाकट्या सावत्र भावाचा. धाकटा भाऊ सामान गाड्यांत भरून खालच्या गावात येऊन थांबला. मेलेल्याची आई, हीच ती लेडी मार्जरी, किल्ल्या कमरेला लावून सुनेच्या खोलीत राहायला आली आणि रात्री दाराला आडवी झोपू लागली. एका बाजूला दीर, एका बाजूला सासू, सगळं गाव श्वास रोखून.

"आणि हा पाळणा," डोरोथीबाई म्हणाल्या, "असा तयार ठेवलेला होता." त्यांनी पांढऱ्या बुटाचं टोक पाळण्याच्या पायावर ठेवलं आणि तो हलवायला लागल्या.

पाळणा रिकामा होता. आत एक फिकट चौकोनी उशी. तो लाकडाच्या जमिनीवर डुगूडुगू हलत होता आणि डोरोथीबाई गोष्ट सांगत होत्या. मी मुग्धाकडे बघितलं. तिचा हात पोटावर होता.

रिकामा पाळणा हलवू नये. हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही. आपल्या बायकांना ते शिकवावं लागत नाही. बारशाला नाव ठेवायच्या आधीसुद्धा आपण पाळण्यात वरवंटा घालतो, नुसता पाळणा झुलवत नाही. आणि मी, शाळेत अंधश्रद्धा निर्मूलनाचं प्रदर्शन भरवणारी, पार्किंगमध्ये भाषण देणारी बाई, पुढच्या क्षणी दोरखंडाखालून आत गेले होते. गुडघ्यांचं काय झालं ते मला आजही कळलेलं नाही. दोन्ही हातांनी मी तो पाळणा धरून थांबवला. पण थांबला तरी तो रिकामाच होता, म्हणून खांद्यावरची माझी भलीमोठी पर्स मी त्यात ठेवली. वरवंटा असता तर वरवंटा ठेवला असता.

अलार्म झाला. पार्सिपनीतल्यापेक्षा चांगला, भारदस्त अलार्म.

ते दिवस कसे होते ते सांगायला हवं. विमानतळावर चपला काढून घेत होते, बाटलीतलं पाणी फेकायला लावत होते, आणि कुठे बेवारस पिशवी दिसली तर अख्खं स्टेशन रिकामं करत होते. अशा दिवसांत एका सावळ्या परक्या बाईनं दोरखंड ओलांडून, पुराणवस्तूत बॅग ठेवून, मागे सरून "लीव्ह इट, लीव्ह इट देअर" असं ओरडणं, हे आता लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो. मला म्हणायचं होतं, पर्स तिथंच असू द्या, पाळणा रिकामा करू नका. खोलीतले अमेरिकन भिंतीला चिकटले. मग अत्यंत शिस्तीनं, धक्काबुक्की न करता, सगळे जिन्यानं खाली गेले. एक गृहस्थ तेवढ्यातही मुग्धाला "तुम्ही आधी" म्हणाले.

वर आलेला रक्षक दारासारखा रुंद होता. "मॅडम, पाळण्यापासून बाजूला व्हा." निखिल पुढे झाला, हात दिसतील असे धरून. "सर, इट्स जस्ट स्नॅक्स. माय मदर-इन-लॉ."

माझी पर्स खाली हिरवळीवर नेऊन सगळ्यांपासून लांब एका दगडी बाकावर ठेवली. रक्षकानं मला शेजारी उभं केलं आणि त्यातल्या वस्तू एकेक करून बाहेर काढल्या. चष्म्याचं घर. ब्लडप्रेशरच्या गोळ्या. भाजक्या पोह्यांचा चिवडा, प्लास्टिकच्या डब्यात. इथवर माझी मान ताठ होती.

मग काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या मनगट्या निघाल्या. मग बजरबट्टू. मग काळ्या दोऱ्यात ओवलेला एक छोटा ताईत. आणि शेवटी वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी, ती उघडल्यावर आत राखाडी पूड.

"हे काय आहे?" रक्षकानं विचारलं. तो पुडीपासून थोडा मागे सरकला होता.

देवीचा अंगारा होता तो. निघायच्या आदल्या दिवशी मी कुणाला न सांगता जाऊन आणला होता आणि रोज मुग्धा झोपली की तिच्या उशीखालची चिमूट बदलत होते. आता हे इंग्रजीत कसं सांगणार? "अ‍ॅश," मी म्हटलं. "होली. फ्रॉम... अ लेडी." त्यानं रेडिओ तोंडाशी नेला.

कुसुमताईंना इंग्रजी येत नाही. त्या इतका वेळ सुनेला धरून उभ्या होत्या. त्या शांतपणे चालत आल्या, पुडीतली चिमूटभर पूड उचलून कपाळाला लावली आणि बोटाला राहिलेली जिभेला लावली. मग रक्षकाकडे बघून हसल्या. त्यानं त्यांच्याकडे बघितलं, त्या पडताहेत की काय म्हणून थोडा थांबला, आणि रेडिओ खाली घेतला.

माझ्याकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "ताई, चांगला आहे हो अंगारा. सांगायचं होतं नं, मी पण आणला असता."

मान वर करायचं धाडस मला जरा उशिरानंच झालं. केली तेव्हा मुग्धा माझ्याकडेच बघत होती, आणि हसत नव्हती.

चहा

आम्हांला हाकलून दिलं नाही ते डोरोथीबाईंमुळे. त्या झगा सावरत खाली आल्या आणि निखिलनं त्यांना सगळं समजावल्यावर कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. "माझी आजी असती तर मला फटका मारला असता," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही रिकामा पाळणा हलवत नाहीत. इतकी वर्षं मी हलवतेय आणि मला एकदाही आठवलं नाही." त्यांनी रक्षकाला सांगितलं की ही बाई माझी पाहुणी आहे, आणि आम्हांला किल्ल्याच्या उपाहारगृहात नेऊन चहा पाजला. बरोबर स्कोन म्हणून एक प्रकार असतो, साय आणि जॅम लावून खायचा. आपल्या नानकटाईला पाणी घातलं तर तसं लागेल. कुसुमताईंनी माझा चिवडा, आता अधिकृतरीत्या निर्धोक ठरलेला, मध्ये ठेवला. डोरोथीबाईंनी त्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले.

गोष्ट अर्धी राहिली होती ती त्यांनी पुरी केली. मुलगी झाली. धाकटा भाऊ गाड्या घेऊन वर आला, तर लेडी मार्जरीनं दरवाजाच उघडला नाही. पुढे वर्षानुवर्षं खटले. शेवटी नातीच्या नवऱ्यानं मॉर्ब्रुक हे नाव लावायचं ठरलं आणि किल्ला तिच्याकडे राहिला. पुढचे सगळे मॉर्ब्रुक त्या मुलीचे. शेवटच्याला छप्पर दुरुस्त करायला पैसे नव्हते, त्यानं बूटपॉलिशवाल्याला विकला.

माझ्यातला इतिहास एवढ्यावर थांबणार थोडाच. मी म्हटलं, "बघा, इंग्रजांच्या स्वतःच्या देशात मुलीला गादी चालली. आणि आमच्याकडे येऊन, मुलगा नाही, दत्तक चालत नाही, म्हणून संस्थानंच्या संस्थानं खालसा केली." डोरोथीबाईंनी माफी मागितल्यासारखं माझ्या हातावर हात ठेवला. मला बरं वाटलं.

तेव्हा मुग्धानं विचारलं, "त्या मुलीच्या आईचं काय झालं?"

"कुणाच्या?"

"जी प्रेग्नंट होती. तिचं."

डोरोथीबाईंनी कप खाली ठेवला. "कुणाला माहीत नाही. सासूबद्दल खूप लिहिलंय, दिराबद्दलही. खटल्याचे कागद पुष्कळ आहेत. तिचं नाव कुठेच नाही. ती वाचली का, तेही नाही."

मुग्धानं मान हलवली आणि चहा पिऊ लागली. मी आणि कुसुमताई, दोघींनी एकदमच तिच्यापुढे स्कोनची बशी सरकवली. तिनं ती घेतली नाही.

मोटेल, रविवार सकाळ

रात्री एका मोटेलात राहिलो. सकाळी तिथं फुकट नाश्ता असतो. एका यंत्रात पीठ ओतायचं, झाकण लावून उलटं करायचं आणि वाफल, म्हणजे चौकटीचौकटींचं जाड घावन, काढायचा. मी झाकण लावायच्या आधीच उलटं केलं. पुसता पुसता मी एकीकडे मनात वाक्यं जुळवत होते. कुसुमताईंनी मला रक्षकाच्या तावडीतून सोडवलं होतं, तर आता मोठं मन दाखवून त्यांना म्हणावं, तुम्ही थांबा; मग त्या म्हणतील, नाही, तुम्ही थांबा; आणि मग मी थांबेन. असा माझा बेत होता. तो मला फार उदात्त वाटत होता.

मी तोंड उघडायच्या आत मुग्धा म्हणाली, "तुम्ही दोघी ठरवणार होता ना? नका ठरवू. मी ठरवलंय. मम्मी थांबतील." मम्मी म्हणजे कुसुमताई.

कुसुमताईंनी चमचा खाली ठेवला. "अगं बेटा, पहिलं बाळंतपण आईनं करायचं असते."

"माहितीय." मग ती माझ्याकडे वळली. "आई, तू काल त्या पाळण्यावर झेपावलीस ना, तेव्हा मी तुझा चेहरा बघितला. तू आल्यापासून रोज रात्री माझ्या उशीखाली हात घालतेस, मी जागी असते. तू घाबरलीयेस. माझ्यापेक्षा जास्त. मम्मी सगळ्या गोष्टींवर विश्वास ठेवतात आणि दृष्ट काढून झाली की घोरत झोपतात. मला लेबर रूममध्ये असं कुणीतरी हवंय. तुझ्याकडे बघितलं की मला ते पहिलं आठवतं. सॉरी आई."

निखिल वाफलकडे बघत होता. शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी मूल सिरपसाठी हट्ट करत होतं. मला लागलं. खूप लागलं, आणि राग आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना, कारण पोरगी अक्षर न् अक्षर खरं बोलत होती. आयुष्यभर मी मुलींना सांगत आले की स्वतःचं मत मांडायला शिका. माझी एकच विद्यार्थिनी ते इतक्या चांगल्या रीतीनं शिकली, आणि ती मीच जन्माला घातली होती.

"बरं," मी म्हटलं. मग म्हटलं, "तिला डोकं चोळून घ्यायला फार आवडतं. पण तेल कोमट लागतं. गार लावलं तर चिडते." हे मी कुसुमताईंना सांगत होते. त्यांनी मान डोलावली आणि टेबलाखालून माझा हात धरला. जाताना पुढच्या सीटवर मुग्धा बसली, आणि मागे त्यांनी मला नकाशाचे कागद दिले नाहीत.

सातारा

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी परत आले. उशीखालचं काम कुसुमताईंकडे सोपवून आले. डिसेंबरात नात झाली. दोघी सुखरूप. फोन कुसुमताईंनीच केला, आणि मला काही विचारू न देता आधी म्हणाल्या, "रडू नका जी, पोरीचं नाक तुमचं आहे." हे त्यांनी सांत्वन म्हणून सांगितलं. माझं नाक बघितलेल्यांना कळेल.

त्यानंतर रोज, तिकडे सकाळ आणि इकडे दिवेलागण झाली की फोन वाजायचा. बाळाची अंघोळ. फोन स्पीकरवर टाकून त्या कुठेतरी ठेवायच्या. पाण्याचा आवाज, मुग्धाचा अर्धवट झोपेतला आवाज, आणि मग नातीचा तो जोरदार टाहो. मी साताऱ्यात खुर्ची ओढून फोनजवळ बसायची.

कुसुमताईंनी स्वतःची तीन मुलं आणि दिरा-नणंदांची कितीतरी मुलं पायांवर घेऊन न्हाऊ घातलीत. तरी रोज, न चुकता, त्या विचारायच्या, "ताई, पाणी कसं घेऊ आज?"

आणि मी सांगायची.